चुकलेल्या माणसाला दाद मागता येते काय?

खामगावहून जळगाव जामोदकडे जाणाऱ्या रस्त्यावरील एका गावात वर्षावासाच्या काळात ग्रंथवाचनाला गेलो होतो. वाचन संपले, माणसे उठली. एक गृहस्थ मात्र भिंतीला टेकून बसून राहिले. वय पन्नाशीच्या पुढचे. जयभीम झाल्यावर त्यांनी आपली हकीकत सांगितली. ते एका खासगी शाळेत अकरा वर्षे शिपाई होते. एकदा मुलगी तापाने फणफणली. पगाराला आठ दिवस अवकाश होता. त्यांनी कार्यालयाच्या कपाटातील परीक्षा फीच्या रकमेतून साडेसहाशे रुपये उचलले. तिसऱ्या दिवशी उसने आणून ते परत ठेवले. तोवर रक्कम मोजली गेली होती. पाचव्या दिवशी त्यांच्या हातात चार ओळींचे पत्र पडले. गैरवर्तणुकीमुळे आपली सेवा समाप्त करण्यात येत आहे, एवढाच मजकूर. त्यांना कोणी काही विचारले नाही, त्यांचे कोणी काही ऐकले नाही.

"मग तुम्ही दाद का मागितली नाही?" मी विचारले.

"पैशे तं म्या उचलले होते ना, भाऊ. मंग कोन्या तोंडानं दाद मांगू?"

या एका वाक्याने मी अस्वस्थ झालो. वाक्य प्रामाणिक आहे, पण त्यात एक मोठी गफलत आहे. ज्या समाजाला शतकानुशतके 'तू जन्मतःच दोषी आहेस' असे शिकवले गेले, त्या समाजातील माणसाच्या तोंडून ती गफलत अधिकच बोचते. म्हणून चुकलेल्या माणसाला दाद मागण्याचा अधिकार उरतो काय, हा प्रश्न धम्माच्या कसोटीवर घासून पाहिला पाहिजे.

दोष आणि शिक्षा

त्या गृहस्थांनी दोन प्रश्नांची गल्लत केली होती. मी चुकलो काय, हा पहिला प्रश्न. मला मिळालेली शिक्षा न्यायाने मिळाली काय, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर 'होय' आले म्हणजे दुसऱ्याचेही 'होय' आलेच, असे होत नाही. सावकाराकडून पाचशे रुपये घेतले हे खरे; पण त्याने वहीत पाच हजार मांडले तर ऋणकोने मुकाट्याने अंगठा उठवावा काय? घेतलेले पाचशे कबूल करूनच त्याला वरच्या साडेचार हजारांबद्दल बोलता येते. किंबहुना कबुली दिली म्हणजे त्याच्या बोलण्याला बळ येते.

आणि बडतर्फी ही काही लहान शिक्षा नव्हे. दंड भरला की दंड संपतो. बडतर्फी संपत नाही. माणूस दुसऱ्या दारात गेला की पहिला प्रश्न येतो, आधी कुठे होता आणि तिथून का निघाला? गावात मुलांना 'चोराची पोरे' म्हणून हाक बसते. पगार जातोच; नैतिक अधःपतनाचा ठपका असेल तर ग्रॅच्युइटीवरही गदा येऊ शकते. चूक एकाची आणि शिक्षा सबंध घराची, असा हा प्रकार आहे. म्हणून ती देण्यापूर्वी थांबणे, विचारणे आणि मोजणे ही तीन कामे झालीच पाहिजेत.

विनयाची रीत

ही तिन्ही कामे भगवान बुद्धांनी अडीच हजार वर्षांपूर्वी संघाला शिकवली. विनयपिटक हा भिक्खूंच्या आचाराचा ग्रंथ म्हणून आपण बाजूला ठेवतो. वास्तविक चुकलेल्या सदस्याशी संघटनेने कसे वागावे, याचे ते शास्त्र आहे.

महावग्गाच्या चम्पेय्यक्खंधकात काश्यपगोत्र नावाच्या भिक्खूची कथा आहे. तो काशी देशातील वासभगामात राहत असे. बाहेरून भिक्खू आले की त्यांची आसने मांडणे, पाय धुण्यास पाणी देणे, पेज आणि भोजनाची सोय करणे, हे सारे तो आपणहून करी. एकदा काही पाहुणे आले आणि बरेच दिवस राहिले. काश्यपगोत्राने विचार केला, यांचा शीण आता गेला, गावही यांच्या ओळखीचे झाले, नेहमी गृहस्थांकडे याचना करणे बरे नव्हे. त्याने धावपळ थांबवली. पाहुणे रागावले. त्यांनी त्याच्यावर दोषाचा आरोप ठेवला आणि दोष मान्य कर म्हणून आग्रह धरला. मला माझ्यात दोष दिसत नाही, असे त्याने सांगताच त्यांनी त्याला संघातून निलंबित केले.

काश्यपगोत्र गप्प बसला नाही. आपण दोषी की निर्दोष, निलंबन वैध की अवैध, हे त्याला स्वतःलाही नीट ठरवता येत नव्हते. तेच विचारण्यासाठी तो चालत चम्पेला गेला. तथागत तेथे गग्गरा पुष्करिणीच्या काठी होते. त्यांनी त्याचे सर्व ऐकून घेतले आणि निर्णय दिला की दोष घडलेला नाही, निलंबन अधर्माने झाले आहे, तू परत जा आणि तेथेच राहा. पुढे त्या पाहुण्या भिक्खूंनाही पश्चात्ताप झाला. ते चम्पेला आले, त्यांनी आपला अपराध कबूल केला आणि तथागतांनी त्यांनाही क्षमा केली. वरिष्ठाकडे दाद मागणे म्हणजे उद्धटपणा, असे मानणाऱ्यांनी ही कथा वाचावी.

दुसरा प्रसंग दब्ब मल्लपुत्राचा. राजगृहात भिक्खूंना निवास आणि भोजन वाटून देण्याचे काम त्याच्याकडे होते. मेत्तिय आणि भुम्मजक या भिक्खूंना एका घरी निकृष्ट जेवण मिळाले. त्यांनी मनात धरले की दब्बानेच हे करविले. त्यांनी एका भिक्खुणीला पुढे करून त्याच्यावर दुराचाराचा खोटा आरोप घातला. तथागतांनी काय केले? त्यांनी भर संघासमोर दब्बालाच विचारले, असे काही केल्याचे तुला स्मरते काय? आरोपित समोर असल्याखेरीज आणि त्याला विचारल्याखेरीज निर्णय नाही, हा विनयाचा पाया आहे.

हे झाले निर्दोषांचे. आपल्या गृहस्थांनी तर खरोखरच पैसे उचलले होते. त्यासाठी तिसरा प्रसंग पाहू. धनिय नावाच्या कुंभारपुत्र भिक्खूने कुटी बांधण्यासाठी राजाचे लाकूड नेले. त्यावरून चोरीसंबंधीचा नियम झाला. पाच मासक किंवा त्याहून अधिक किमतीची चोरी केली तर भिक्खू पाराजिक होतो, म्हणजे संघातून कायमचा जातो. त्याहून कमी पण एका मासकापेक्षा अधिक असेल तर दोष खालच्या पायरीचा. मासकभर किंवा त्याहून कमी असेल तर आणखी खालचा. चोरी म्हणजे चोरी, असे म्हणून विनय मोकळा झाला नाही. त्याने चोरीलाही माप लावले. शिवाय धनियाच्या वेळी नियमच नव्हता, म्हणून प्रथम करणारा म्हणून त्याला पाराजिक ठरवले गेले नाही. नियम आधी, शिक्षा नंतर.

बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात भिक्खूंच्या अपराधांच्या चौकशीला स्वतंत्र प्रकरण दिले, ते काही उगीच नव्हे. कायदेपंडिताच्या नजरेला त्यात न्यायाची रीत दिसली होती.

मजूरमंत्री बाबासाहेब

हीच रीत कारखान्याच्या दारात उभी करण्याचे काम बाबासाहेबांच्या वाट्याला आले. जुलै १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. त्यांच्याच कारकिर्दीत १९४६ चा औद्योगिक रोजगार (स्थायी आदेश) कायदा मंजूर झाला. शंभर किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्याच्या मालकाने गैरवर्तणूक कशाला म्हणायचे, निलंबन आणि बडतर्फी कशी करायची, अन्याय झाला तर कामगाराने कोणाकडे जायचे, हे लेखी मांडून सरकारी अधिकाऱ्याकडून प्रमाणित करून घ्यावे, असे त्या कायद्याने ठरवले.

त्याचे मोल कळण्यासाठी त्यापूर्वीची स्थिती आठवावी लागते. वऱ्हाडात कापसाचा हंगाम सुरू झाला की जिनिंग-प्रेसिंगवर माणसे घेतली जात आणि मुकादमाच्या तोंडच्या एका वाक्याने घालवली जात. 'उद्यापासून येऊ नको', हेच आरोपपत्र आणि हाच निकाल. आपल्या जिल्ह्यातून मलकापूर, नांदुरा, शेगाव असा जाणारा लोहमार्ग त्या काळी जी. आय. पी. रेल्वेचा होता. त्याच रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांची परिषद फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली भरली. अस्पृश्य कामगार वर्षानुवर्षे गँगमनच राहतो, बढतीचे दार त्याला बंद असते, हे त्यांनी तेथे मांडले. ज्याला वर चढू दिले जात नाही, त्याला खाली ढकलणेही सोपे असते. म्हणून लेखी नियमाची सर्वांत अधिक गरज त्यालाच असते.

स्वातंत्र्यानंतर आणखी पायऱ्या बांधल्या गेल्या. १९६५ साली एकट्या कामगाराची बडतर्फीसुद्धा औद्योगिक विवाद मानली जाऊ लागली. १९७१ साली औद्योगिक विवाद कायद्यात ११-अ हे कलम आले आणि दोष सिद्ध झाला तरी शिक्षा अवाजवी वाटल्यास ती कमी करण्याचा अधिकार कामगार न्यायालयाला मिळाला. महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्याने तर क्षुल्लक किंवा तांत्रिक गैरवर्तणुकीसाठी, कामगाराची पूर्वीची सेवा न पाहता, धक्कादायक वाटावी अशी शिक्षा देणे ही मालकाची अनुचित प्रथा ठरवली.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राचे जुने कायदे जाऊन २०२० ची औद्योगिक संबंध संहिता अमलात आली आहे. तिच्यात स्थायी आदेशांसाठी कामगारसंख्येची अट तीनशेवर नेली आहे. आपल्या जिल्ह्यातील किती जिनिंगच्या, किती तेलगिरण्यांच्या हजेरीपटावर तीनशे नावे असतील, याचा विचार ज्याचा त्याने करावा. लेखी नियमाचे छत्र जिथे पोचत नाही, तिथे संघटना आणि जागृती हीच छत्री.

न्यायालय काय म्हणते

पुण्याच्या भारत फोर्ज कारखान्यातील एका कामगाराचे प्रकरण या विषयात नेहमी सांगितले जाते. २६ ऑगस्ट १९८३ रोजी सकाळी अकरा चाळीसला तो कामाच्या जागी लोखंडी पत्र्यावर गाढ झोपलेला आढळला. चौकशी झाली, दोष सिद्ध झाला, त्याला काढण्यात आले. पूर्वीही तीन वेळा त्याच्यावर ठपका आलेला होता. कामगार न्यायालयाने चौकशी योग्य मानली, पण शिक्षा कठोर ठरवून त्याला परत घेण्यास सांगितले. प्रकरण पायरी पायरीने वर गेले. १८ जानेवारी २००५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बडतर्फी कायम केली.

कोणी म्हणेल, कामगार हरला. होय, तो हरला. पण एकवीस वर्षे वाद चालला तो झोपला होता की नव्हता यावर नव्हे; त्या झोपेला एवढी शिक्षा असावी काय, यावर. दोष सिद्ध झालेल्या माणसालाही हा प्रश्न विचारता येतो, हे त्यात प्रत्येक न्यायालयाने गृहीत धरले. त्याला दारातूनच कोणी परत पाठवले नाही. आपल्या गृहस्थांनी मात्र स्वतःच दार लावून घेतले.

दुसरे प्रकरण मराठवाड्यातील एका प्राथमिक शिक्षिकेचे. शाळा न्यायाधिकरणाने तिची बडतर्फी बेकायदा ठरवली. उच्च न्यायालयाने मधल्या काळाचा पगार नाकारला. १२ ऑगस्ट २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो परत मिळवून दिला आणि सांगितले की बडतर्फी बेकायदा ठरली तर सेवेत सलगता धरून मागील पगारासह परत घेणे हाच सर्वसाधारण नियम होय. त्याच निकालात असेही म्हटले की जिथे दोष सिद्ध आहे पण शिक्षा अवाजवी आहे, तिथे मागचा सर्व पगार न देण्याची मुभा न्यायालयाला आहे. निर्दोषाला पूर्ण न्याय, आणि चुकलेल्यालाही न्याय, पण चुकीची वजावट करून. विनयातील मासकाचे माप आणि हे माप यांची जात एकच आहे.

दुसरी बाजू

येथे थांबलो तर लेख अर्धाच राहील. कारण आपल्यात दुसऱ्या टोकाची माणसेही आहेत. आरोप येताच ती म्हणतात, मी काही केलेच नाही, जातीमुळे मला अडकवले. पुष्कळदा हे खरे असते. एकाच चुकीसाठी एकाला समज आणि दुसऱ्याला घरचा रस्ता, असा भेद कचेऱ्यांत आणि शाळांत घडतो. तसे असेल तर ते नावानिशी, तारखेनिशी, कागदानिशी मांडलेच पाहिजे. पण तिकिटाचे पैसे घेऊन तिकीट न फाडणाऱ्या वाहकाने, दारू पिऊन कामावर येणाऱ्या चालकाने जातीची ढाल पुढे केली, तर तो खऱ्या अन्यायग्रस्ताची ढाल पळवतो. उद्या खरा माणूस बोलेल तेव्हा ऐकणारा हसेल. मुसावादापासून अलिप्त राहण्याचे शील आपण दररोज उच्चारतो. ते चौकशी अधिकाऱ्यासमोरही लागू आहे.

कोसंबीचा कलह सर्वांना ठाऊक आहे. एका भिक्खूच्या हातून लहानसा दोष घडला. शौचालयातील भांड्यात पाणी शिल्लक ठेवले, असे अट्ठकथा सांगते. त्याने दोष मानला नाही, त्याला निलंबित केले गेले आणि संघ फुटला. तथागत दोन्ही पक्षांकडे गेले. निलंबित करणाऱ्यांना ते म्हणाले, आम्हाला वाटले एवढ्यावर कोणाला निलंबित करू नका. निलंबिताच्या पक्षाला म्हणाले, इतरांवर विश्वास ठेवून दोष पाहण्याची तयारी ठेवा. कोणी ऐकले नाही. शेवटी कलह मिटला तो कसा? त्या भिक्खूने स्वतः धम्मविनयाचा विचार केला, आपण चुकलो होतो असे त्याला दिसले, तसे तो बोलला आणि संघाने त्याला परत घेतले. कबुलीने त्याचे स्थान गेले नाही, परत मिळाले.

काही दोष मात्र असे असतात की त्यांत माणसाला काढणेच योग्य. शाळेत मुलीच्या अंगावर हात टाकणारा, सहकारी स्त्रीला छळणारा, अपंगांच्या किंवा विधवांच्या अनुदानात हात घालणारा, यांच्यासाठी दयेची भाषा करणे म्हणजे पीडितावर दुसरा अन्याय करणे. त्यांचीही चौकशी रीतसर व्हावी, एवढेच. उलट रीतसर चौकशी न करता अशा माणसाला घाईने काढले, तर तोच उद्या तांत्रिक मुद्द्यावर हार घालून परत येतो.

आपल्या संस्था

हा प्रश्न नेहमी दुसऱ्याच्या दारात उभा राहून विचारणे सोपे आहे. आज आपल्याही शाळा, वसतिगृहे, पतसंस्था आहेत. तेथे आपण मालक आहोत. तेथील शिपायाला, स्वयंपाकिणीला, विनाअनुदानित वर्गावरील शिक्षकाला काढताना आपण आरोप लेखी देतो काय? त्याचे ऐकून घेतो काय? की अध्यक्षांची मर्जी फिरली म्हणजे मुकादमाचेच वाक्य वापरतो, 'उद्यापासून येऊ नको'? बाबासाहेबांची तसबीर ज्या कार्यालयात आहे, तेथे काश्यपगोत्राचा निर्णय लागू असलाच पाहिजे.

आणि ज्याच्यावर प्रसंग येतो त्यानेही काही गोष्टी लक्षात ठेवाव्यात. पत्र घेण्याचे नाकारू नये. कोऱ्या कागदावर किंवा तयार राजीनाम्यावर सही करू नये. नोटिशीला मुदतीत लेखी उत्तर द्यावे. जे घडले ते घडले म्हणावे, जे घडले नाही ते ठामपणे नाकारावे. चौकशीला हजर राहावे. खासगी शाळांतील कर्मचाऱ्यांसाठी १९७७ चा कायदा आहे. तो शिक्षकांप्रमाणे शिपायालाही लागू होतो. आदेश हाती पडल्यापासून तीस दिवसांत शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करता येते. सबळ कारण असेल तर उशीरही माफ होऊ शकतो. बडतर्फीऐवजी सौम्य शिक्षा देण्याचा अधिकार न्यायाधिकरणाला आहे. परत घेणे योग्य न वाटल्यास, दहा वर्षे किंवा अधिक सेवा झालेल्याला बारा महिन्यांचा पगार भरपाई म्हणून देण्याचाही अधिकार आहे.

हे सर्व मी त्या गृहस्थांना सांगितले. चार वर्षे उलटून गेली होती. एवढ्या उशिराचे कारण काय सांगायचे, हा प्रश्न होताच. ते बराच वेळ ऐकत राहिले. मग म्हणाले, "म्हंजे म्या चोरी केली नाई, असं लिवायचं का?"

"नाही," मी म्हणालो. "पैसे उचलले, असेच लिहायचे. तिसऱ्या दिवशी परत ठेवले, हेही लिहायचे. अकरा वर्षांत दुसरी तक्रार नव्हती, हेही लिहायचे. मला कोणी विचारले नाही, हेही लिहायचे. आणि मग विचारायचे, याला हीच शिक्षा होती काय?"

त्यांनी ते पत्र चार वर्षे ट्रंकेत जपून ठेवले होते. दुसऱ्या दिवशी ते घेऊन आले. निकाल काय लागेल हे मला सांगता येत नाही. पण विहारात येणाऱ्या प्रत्येकाने एवढे ध्यानी धरावे. शील पाळताना पाय घसरला, तर ते कबूल करणे हा धम्म आहे. आणि घसरलेल्याला दरीत ढकलले जात असेल, तर हात वर करून थांबा म्हणणे हाही धम्मच आहे.